बैठकीची उंची

पुण्याच्या विश्रामबागवाड्यातल्या वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात आजवर मी किती वेळा गेले असेन याची गणती नाही. पण तो दिवाणखाना पहिल्यांदा नीट पाहिला तो गुडघ्याच्या कृपेने. जिना चढून वर आले आणि उजव्या गुडघ्याने असा काही संप पुकारला की, आता कुठेतरी टेकावेच लागेल हे उघड झाले. बाक दिसेना, खुर्ची तर नव्हतीच. शेवटी एका खांबाशी पदर सावरून मी सरळ जमिनीवरच बसले. दाराशी उभा असलेला राखणदार काही बोलेल म्हणून थोडी बिचकले होते, त्याने लांबूनच हात हलवला आणि म्हणाला, "बसा काकू, इथं कुणाला अडचण होतीय!"

बसले, मांडी घातली, दम घेतला आणि मान वर केली, तेव्हा समोरची जागा बदललेली होती. उभ्याने पाहताना ते सुरूचे खांब मला नेहमी थोडे बुटके, मधेच फुगल्यासारखे वाटत असत. बसल्यावर तेच खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते होत वर गेलेले दिसले आणि माथ्यावरची केळफुले, जी उभ्या माणसाच्या नजरेला फार जवळ येऊन नुसतीच लाकडाची गर्दी वाटते, ती आता योग्य अंतरावर उमललेली होती. दोन खांबांमधल्या महिरपीत पलीकडची महिरप, तिच्यात आणखी पलीकडची, अशी कमानींची रांग लागली. छत, जे एरवी डोक्यावर उतरल्यासारखे भासते, ते उंच झाले. उजेड खालून, जमिनीवरून सरपटत येत होता आणि नक्षीच्या खालच्या कडा उजळत होता. ज्या सुताराने हे खांब घडवले त्याने ते कुणाच्या डोळ्यांसाठी घडवले होते, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. ते बसलेल्या माणसासाठी घडवले होते.

हा वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. 1807 च्या सुमारास तो बांधून झाला आणि त्यावर दोन लाख रुपये खर्च आल्याचे सांगतात. पुढे दहा-अकरा वर्षांत पेशवाईच बुडाली. 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, 1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, मग दुरुस्त्या झाल्या, नगरपालिकेची कचेरी आली, टपालाची खिडकी आली. एवढे सगळे सोसून तो लाकडी दिवाणखाना टिकला आहे. तरीही तिथे येणाऱ्या माणसांची प्रतिक्रिया मी अनेकदा ऐकली आहे आणि ती ठरलेली असते. दारातून आत डोकावायचे, इकडून तिकडे नजर फिरवायची आणि म्हणायचे, "आत काहीच नाही हो!" एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावताना ऐकले की, पूर्वी इथे खूप सामान होते, ते सगळे इंग्रजांनी नेले. इंग्रजांनी नेलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे, त्याविषयी वाद नाही. पण हा दिवाणखाना रिकामा आहे तो त्यांच्यामुळे नव्हे. तो रिकामाच असायचा.

या रिकामेपणाचा उलगडा ज्या शब्दात आहे तो पुण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मात्र भलत्याच अर्थाने. फरासखाना म्हटले की आपल्याला बुधवार पेठेतली पोलीसचौकी आठवते. गाडी उचलून नेली की कुठे धाव घ्यायची ते ठिकाण. खरा फरासखाना हा सरकारी कारखान्यांपैकी, म्हणजे खात्यांपैकी, एक. मराठ्यांच्या कारभारात अठरा कारखाने मोजले जात, त्यांत वस्त्रे-जवाहिरांचा जामदारखाना होता, शस्त्रांचा शिलेखाना होता, स्वयंपाकाचा मुदपाकखाना होता, हत्तींचा पीलखाना होता आणि फरासखानाही होता. जाजमे, सतरंज्या, गालिचे, गाद्या, लोड, तक्के, गिरद्या, पडदे, चिका, कनाती, डेरे, राहुट्या, दिवाबत्तीचे सामान हे सर्व त्या खात्याकडे. फरास म्हणजे अंथरणारा. मुळातला अरबी शब्द फर्श, म्हणजे अंथरलेले. आपल्या घरातली फरशीही त्याच मुळाची. ज्या शब्दाचा अर्थ उचलून गुंडाळता येणारी वस्तू असा होता, तो आपण जमिनीला कायमच्या चिकटवलेल्या दगडाला दिला, ही गंमत भाषेनेच करून ठेवली आहे.

म्हणजे दरबार भरायचा असेल तेव्हा फरास येत, केरवारा झालेल्या जमिनीवर जाजम पडे, त्यावर पांढरीशुभ्र चादर ताणून बसवली जाई, मानाच्या जागी गादी, तिच्या पाठीशी लोड, दोन्ही अंगांना तक्के. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लागत, त्यांवर पाणी मारले जाई. संध्याकाळ असेल तर समया, हंड्या, झुंबरे. दरबार उठला की हे सगळे झटकून, घडी घालून, गुंडाळून परत कोठीत. त्याच जागेत दुसऱ्या दिवशी ब्राह्मणभोजन झाले तर पाट आणि पत्रावळी, श्रावणात पुराण लागले तर पुराणिकाचे आसन आणि पुढे चौरंग. खोलीला एक काम चिकटलेले नसे. खोली म्हणजे खांब, छत, उजेड आणि वारा; बाकीचे त्या त्या दिवसाचे.

ही पद्धत साधेपणाच्या हौसेतून आलेली नाही. पेशवे असोत की सरदार, वर्षातले कित्येक महिने ही माणसे घोड्यावर. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पावसाळ्याच्या तोंडी परत फिरायचे, हा क्रम. मोहिमेवर जो डेरा पडे त्यातली बैठक आणि वाड्यातली बैठक एकाच कारखान्याच्या सामानातून सजे. वाडा म्हणजे लाकडाचा डेरा आणि डेरा म्हणजे कापडाचा वाडा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. फरास सोबत असला की गोदावरीच्या काठीसुद्धा पुण्याची सदर उभी राहत असे, आणि गादी जिथे पसरली तिथे दरबार.

गादीवरून आठवले. राजसत्तेसाठी आपल्या भाषेत सिंहासन हा भारदस्त शब्द आहे, पण तो आपण प्रामुख्याने रायगडासाठी, 1674 च्या राज्याभिषेकासाठी राखून ठेवला. त्यानंतरच्या साऱ्या इतिहासात शब्द येतो तो गादी. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, गादीचा वारस, गादीवर बसणे. कापूस भरलेली, उन्हात घालता येणारी, पिंजाऱ्याकडून दर दोन वर्षांनी पिंजून घ्यावी लागणारी ही वस्तू, आणि तिच्यावरून घराणी भांडली, दत्तक घेतले गेले, खलिते गेले, लढाया झाल्या. आता सत्तेला आपण खुर्ची म्हणतो. गादी ते खुर्ची हा प्रवास जेमतेम दीडेक फुटांचा आहे. पण त्या दीड फुटात राजवाड्यांची सगळी आतली रचना उलटीपालटी झाली, असे मला त्या दिवशी खांबाशी बसल्या बसल्या वाटू लागले आणि तेव्हापासून मी जो जो राजवाडा पाहिला तो शक्य तेथे खाली बसून पाहिला.

जुन्या बैठकीचे एक चित्र सुदैवाने शिल्लक आहे. 1790 मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा तह झाला, त्या प्रसंगी शनिवारवाड्यात भरलेल्या दरबाराचे. पुण्यात येऊन राहिलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने त्यासाठी रेखाटने केली होती. तो 1795 मध्ये वारला आणि त्याच्या कामावरून टॉमस डॅनियल याने 1805 मध्ये ते मोठे तैलचित्र पुरे केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. चित्रात कोवळे सवाई माधवराव आहेत, जवळच नाना फडणीस आहेत आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आहे. पण त्या चित्राकडे मी पाहत राहते ते पायांसाठी. पगड्या घातलेली सारी मंडळी मांडी घालून निवांत बसलेली आहेत. तशी बसायची सवय त्यांना जन्मापासूनची. इंग्रज पाहुणे मात्र घट्ट विजारी आणि लांब कोट सावरत त्याच बिछायतीवर टेकलेले. त्यांच्या गुडघ्यांनी त्या दिवशी काय भोगले असेल ते मला माझ्या गुडघ्यावरून कळते. तह कुणाच्या फायद्याचा झाला हा निराळा विषय. त्या दिवशी दिवाणखान्यात उंची ठरवण्याचा अधिकार कुणाचा होता, हे चित्र स्पष्ट दाखवते. पुढे तीस वर्षांच्या आत तो अधिकार हातून गेला.

याच मॅलेटच्या पुढाकाराने आणि वेल्सच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली होती, आणि गंगाराम तांबट हा तिथला हुशार विद्यार्थी वेरूळची लेणी रेखाटायला गेला होता. वाड्याच्या पोटात काय काय चाले याचा हा एक नमुना म्हणून सांगितले.

शनिवारवाड्याचे बाकी काय सांगावे? 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, पायाभरणी झाली, 22 जानेवारी 1732 रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत, आणि पहिल्या बांधणीचा खर्च 16,110 रुपये. पुढच्या पेशव्यांनी मजले चढवले, गणेश रंगमहाल, आरसेमहाल, हस्तिदंती महाल अशी एकेक भर घातली. सर्वांत वरच्या मेघडंबरीतून आळंदीचा कळस दिसत असे म्हणतात. 1828 च्या फेब्रुवारीत आग लागली आणि ती विझायला कित्येक दिवस लागले. आज आत शिरले की जोती दिसतात, हौद दिसतात, हजारी कारंज्याचे कमळ दिसते. रायगडावरचेही तेच, राणीवशाची ओळीने उभी जोती, पाण्याचे पन्हाळ, दगडातले उंबरे, आणि लाकूडकाम जिथून वर गेले असेल तिथे थेट आभाळ. आपले राजवाडे खाली दगडाचे आणि वर लाकडाचे असल्यामुळे जाताना ते असे कमरेपासून वर जातात. फरासखान्याचे सामान तर त्याआधीच कुठे कुठे पांगलेले असते.

त्या हजारी कारंज्याशी उभे राहिले की एक गोष्ट मनात येतेच. 1795 मध्ये एकविसाव्या वर्षी सवाई माधवराव वरच्या मजल्यावरून याच कारंज्यावर पडले आणि दोन-तीन दिवसांत वारले. त्यांनी उडी घेतली की ज्वराच्या ग्लानीत तोल गेला, हा वाद जुना आहे आणि मी तो सोडवायला बसलेले नाही. मात्र जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर ज्यांनी वावर केला आहे त्यांना तिथल्या खिडक्या ठाऊक असतील. त्या जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होतात. मांडी घालून बसलेल्या माणसाचा कोपर अलगद टेकावा, खालचा चौक दिसावा आणि वारा छातीवर यावा, असा त्यांचा हिशेब. उभ्या माणसाला त्याच खिडकीचा कठडा गुडघ्याला लागतो. बसलेल्याला आधार देणारी खिडकी उभ्या राहिलेल्याला धरत नाही.

आमच्या आजोळी अशाच दोन खिडक्या होत्या, माडीवरच्या सोप्यात. राजवाड्याशी त्या घराचा संबंध इतकाच की, तेही चौसोपी होते आणि तेही आता नाही. त्या माडीवर देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी भिंतीवर पुष्कळ उंच टांगलेल्या असत आणि सगळ्या पुढे झुकलेल्या. लहानपणी मला वाटे की खिळा वरच्या बाजूला चुकून लांब ठोकला आहे. आजी म्हणाली, "अगं, खाली बसलेल्याला दिसायला नको का?" पुढे मामाने जेवणाचे टेबल आणले, सहा खुर्च्यांचे. आजी शेवटपर्यंत त्या खुर्चीवर एक पाय वर घेऊन, अर्धी मांडी घालून बसत असे. खुर्चीला तिने चौरंगाचा दर्जा दिला होता. तसबिरी मात्र कुणीतरी भिंतीला सपाट लावल्या आणि त्यानंतर पणजोबांच्या डोळ्यांत काचेवरचे ट्यूबलाइटच दिसू लागले.

आता दुसरा अंक, आणि त्याचा नायक, म्हणावे तर, एक इंग्रज लष्करी अभियंता आहे. मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचा आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. कोल्हापूरचा राजवाडा 1877 ते 1884 या काळात उभा राहिला, काळ्या घोटीव दगडाचा, मधोमध घड्याळाचा मनोरा. अंबाबाईच्या देवळाशेजारचा जुना राजवाडा आणि भवानी मंडप सोडून छत्रपतींचे वास्तव्य गावाबाहेरच्या या वास्तूत गेले, तेव्हा अंतर फार तर दोन-अडीच कोसांच्या आतले असेल. पण उंबरठा ओलांडताच काळ बदलतो. दरबार हॉलमध्ये छत दोन मजले वर गेलेले आहे, दोन्ही अंगांना महिरपी, वरून सज्जे, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांतून शिवचरित्रातले प्रसंग. महिरप तीच आहे, केळफुलाची आठवणही आहे, पण हे सारे आता उभ्या माणसासाठी आहे. पायाखाली गालिचा आहे तो चालण्यासाठी. बसायचे ते त्याच्यावर ठेवलेल्या आसनावर. मी तिथे खाली बसून पाहायचा प्रयत्न केला नाही, दोरी बांधलेली होती. पण नुसती वाकून पाहिले तरी लक्षात आले की, खालून तो हॉल काही सांगत नाही. त्याचे बोलणे साडेपाच फुटांवरच्या डोळ्यांशी आहे.

आणि मग सामान. तळमजल्यावरच्या संग्रहालयात हौदे आहेत, हत्यारे आहेत, पेंढा भरलेले वाघ आणि इतर जनावरे आहेत. खुर्ची आली की ती एकटी येत नाही, हे तिथे कळते. खुर्चीला टेबल लागते, टेबलाला टेबलक्लॉथ, त्यावर फुलदाणी. कोपरा रिकामा दिसू लागतो म्हणून कोपऱ्याला तिवई, तिवईवर घड्याळ. भिंत उघडी दिसू लागते म्हणून वाघाचे डोके. फरासाच्या जागी आता झाडपुसणीवाला येतो, कारण इथले काहीच गुंडाळून ठेवायचे नसते. माझ्या मताला फारसे वजन नाही, तरी सांगते: मला त्या दालनांत गुदमरायला होते. मराठी माणसाची राजेशाहीबद्दलची कल्पना या एकोणिसाव्या शतकातल्या सामानावर पोसली गेली आहे आणि म्हणून विश्रामबागवाड्यात शिरल्यावर त्याला काहीच नाही असे वाटते.

याचे टोक ग्वाल्हेरला. जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधलेल्या जयविलास महालात साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत आणि ती टांगण्याआधी छत पेलते का हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, अशी कथा तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. मला झुंबरांपेक्षा भोजनगृहातली चांदीची आगगाडी अधिक विचार करायला लावते. लांबलचक टेबलावर रुळ टाकलेले आहेत आणि त्यांवरून पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन ती छोटी गाडी फिरे. पंक्तीत वाढणारा माणूस खाली वाकतो, आग्रह करतो, पानाकडे पाहून ओळखतो की वरण संपले आहे. इथे पान जमिनीवरून उचलून टेबलावर गेले आणि आग्रहाची जागा रुळांनी घेतली. गंमतीची कल्पना आहे, तिच्यामागे कारागिरीही थोर आहे, आणि तरीही ज्या घराण्याच्या पूर्वजाने पानिपतानंतर उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचा अंमल पुन्हा उभा केला, त्या महादजींच्या डेऱ्यातली पंगत मनातून जात नाही.

मात्र बडोद्याला मी माझे सरसकट मत घेऊन गेले आणि तिथे ते थोडे डगमगले.

लक्ष्मीविलास राजवाड्याची कथा कवळाण्यापासून सुरू होते. मालेगावच्या बाजूचे हे लहानसे खेडे. तिथल्या एका शेतकरी गायकवाडांच्या घरातला बारा वर्षांचा गोपाळ 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. खेड्यातल्या मातीच्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेला हा मुलगा. त्याच्यासाठी म्हणून तीन वर्षांत या राजवाड्याचे काम निघाले आणि ते संपायला 1890 साल उजाडले. मँट मधेच, 1881 मध्ये वारला. आपली गणिते चुकली आणि इमारत कोसळणार या भीतीने तो खचला होता, असे सांगतात. इमारत आजही ठणठणीत आहे. रॉबर्ट चिझम याने काम पुरे केले. राजवाड्याला नाव लाभले ते सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीचे, तंजावरच्या मोहित्यांच्या लेकीचे; माहेरची लक्ष्मीबाई, सासरची चिमणाबाई. तिच्या लग्नात तंजावरहून नाचगाण्याचा ताफा बडोद्याला आला. राजवाडा पुरा झालेला पाहायला ती राहिली नाही. 1885 मध्येच गेली.

दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली रंगीत तुकड्यांची जमीन आहे. इतकी सुंदर जमीन की तिच्यावर काही अंथरावेसे वाटू नये. मला वाटले, झाले, फरासाची नोकरी इथे कायमची संपली. दगडातच गालिचा विणून टाकल्यावर गालिचा हवा कुणाला? आणि त्याच घराण्यात, एकच पिढी आधी, खंडेराव महाराजांनी मदिनेतल्या पैगंबरांच्या समाधीसाठी लाखो बसराई मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. महाराज 1870 मध्ये वारले, गालिचा बडोद्यातच राहिला आणि बऱ्याच वाटा फिरून अखेर कतारला पोहोचला. अंथरायच्या वस्तूला बहुमोल मानणाऱ्या काळाची ती शेवटची, थोडी वेडावलेली खूण.

दरबार हॉलच्या वरच्या अंगाला लाकडी झरोके आहेत. राजस्त्रिया तिथून खालचे गाणे-बजावणे पाहत. मी मान वर करून त्या झरोक्यांची उंची डोळ्यांनी मोजली. कठडे खाली आहेत, जाळी बसलेल्या बाईच्या चेहऱ्यासमोर येईल अशी. खाली पुरुषांच्या दरबारात इटलीची जमीन आली, बेल्जमच्या काचा आल्या, पण वर बायकांची बैठक आपल्या जुन्या उंचीवरच राहिली असावी, असे मला वाटले. घरात नवी वस्तू आली की ती आधी बाहेरच्या खोलीत येते आणि माजघरात सर्वांत शेवटी पोहोचते, हे राजवाड्यांनाही लागू पडते.

आणि मग गादी हॉल. शेकडो खुर्च्या, कोच, संगमरवरी पुतळे, काचसामान ओलांडून आपण तिथे पोहोचतो. भिंतींवर राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. सयाजीरावांनी 1888 मध्ये त्याच्याकडे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रे सांगितली होती आणि दोन वर्षांत ती पुरी झाली. त्या चित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांची कीर्ती रास्तच आहे. पण मी चित्रांकडे पाठ करून उभी राहिले, कारण त्या खोलीत खरी पाहण्यासारखी वस्तू गादी आहे. एवढ्या मोठ्या राजवाड्यात, जिथे जगभरातून आणता येईल ते सारे आणले, तिथे राज्याभिषेकाची जागा म्हणून शेवटी गादीच. आपल्या आजोळच्या माडीवर असे, तशाच जातकुळीची. ज्याने हा सगळा थाट पत्करला, इंग्रजी शिकला, युरोपात वर्षानुवर्षे राहिला, त्या राजालाही खुर्चीवर बसून राजा होता आले नाही. त्यासाठी खाली यावे लागले. वाटाडे पुढच्या दालनाकडे हाका मारू लागले तरी माझा पाय निघेना.

या सगळ्यानंतर मी सावंतवाडीला गेले ते खरे तर दुसऱ्याच कामासाठी, भाचीच्या लग्नात द्यायला लाकडी खेळणी आणि फळे घ्यायला. चितार आळीतून चालत राजवाड्याकडे आले, मोती तलावाला लागून असलेल्या. कोल्हापूर-बडोद्यापुढे हा राजवाडा साधा, लाल चिऱ्याचा, कोकणातल्या माणसासारखा आपल्या बेताने राहणारा. आत दरबार हॉल आहे, सिंहासन आहे, आणि तिथेच गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाच्या पत्त्यांचे, काम चालते. ही कला विझत आली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात आणून वाढवली. दशावतारी गंजिफांचा संच 120 पानांचा. दहा अवतारांच्या दहा बाजू, प्रत्येक बाजूत राजा, प्रधान आणि एक्यापासून दश्शापर्यंतची दहा पाने. पाने गोल, तळहातावर मावणारी, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली आणि लाखेने झळाळलेली. हा खेळ खुर्चीवर बसून खेळता येत नाही. मधे चादर अंथरायची, भोवती मांडी घालायची आणि पाने टाकायची.

हॉलच्या एका बाजूला, खिडकीच्या उजेडात, एक मध्यमवयीन बाई सतरंजीवर बसून मत्स्यावताराचे पान रंगवत होत्या. पुढे उतरता पाट, शेजारी करवंटीत रंग. ब्रशाच्या टोकाला चार-पाचच केस असावेत; त्यांनी माशाच्या अंगावरचे एकेक खवले काढले, अर्धचंद्रासारखे, शेपटीकडून डोक्याकडे. प्रत्येक खवल्यासाठी श्वास धरायचा आणि मग सोडायचा, इतके मला जवळून दिसत होते, कारण एव्हाना मी वाकून वाकून जवळजवळ त्यांच्या पाटावर सावली धरली होती.

त्यांनी मान वर न करताच सतरंजीचे टोक ओढून सरळ केले, रंगाची करवंटी पलीकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बसा ना, उभ्यानं काय दिसणार हा?"